कडीपासून चार इंच मागे

तिसरा ठोकळाही बसला नाही.

मार्ला कुन्झलमनने तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, चष्मा पुसून पुन्हा लावला आणि आणखी एकदा करून पाहिलं. ठोकळा अंगठ्याएवढा, काळ्या धातूचा. रायफलीच्या नळीभोवती ॲल्युमिनियमचं जे लांब आवरण असतं, हँडगार्ड, त्याला तो खालून बसवायचा. मग डावा हात त्याला अडून राहतो, पुढं सरकत नाही. त्याचं काम एवढंच, आणि नावही तसंच, हँडस्टॉप. या हँडगार्डवरची भोकं कुलपाच्या भोकासारखी होती, एकीकडं गोल आणि दुसरीकडं निमुळती. ठोकळ्याचे दोन्ही स्क्रू मात्र सरळ लांबट खाचांसाठी घडवलेले. पहिल्या ठोकळ्याच्या खोक्यावर लिहिलं होतं, सर्व रायफलींना चालेल. दुसऱ्याच्या जाहिरातीत चित्र एकाचं होतं आणि आतून निघाला दुसराच. तिसरा मागवताना तिने फोन करून भोकांचं वर्णन केलं होतं, पलीकडच्या मुलीने ते लिहून घेतलं होतं आणि वाचूनही दाखवलं होतं.

मार्लाने ठोकळा परत खोक्यात भरला, चिकटपट्टी शोधली, ती संपलेली निघाली.

रायफल वडलांची, एल्वुड कुन्झलमन यांची. दहा-बारा वर्षांपूर्वी अशा भोकांच्या दोन तऱ्हा बाजारात एकमेकींशी झगडत होत्या. सगळं गाव एकीच्या मागे गेलं. वडलांनी दोन्ही हातात घेऊन पाहिल्या, दुसरी जास्त चांगली आहे असं सांगितलं आणि ती घेतली. यथावकाश ती तऱ्हा बुडाली. तिचे सुटे भाग बनवणारे कारखाने दुसऱ्या तऱ्हेकडं वळले. वडलांना त्याचं काहीच वाटलं नाही, कारण त्या भोकांत त्यांनी कधी काही बसवलंच नाही. त्यांना गरज नव्हती. त्यांचे हात शिडीसारखे लांब. पालथं पडून नेम धरला, दंडाला पट्टा आवळला की त्यांचा डावा पंजा हँडगार्डच्या पार टोकाला, पट्टा जिथं रायफलीला अडकतो त्या कडीपर्यंत पोचायचा आणि कडीला अडून राहायचा.

मार्लाचा हात कडीच्या चार इंच मागेच थांबतो. तिथं गुळगुळीत ॲल्युमिनियम आहे, दुसरं काही नाही. पट्टा पंजाला पुढं ओढत राहतो. दर गोळीला पंजा बोटभर सरकतो, नेम ढळतो, सगळी बैठक पुन्हा जमवावी लागते. पाचव्या गोळीपर्यंत मनगट दुखायला लागतं आणि दहाव्या गोळीला ती मनातल्या मनात शिव्या देत असते.

वडील मार्चमध्ये गेले. गावाबाहेर, दगडाच्या जुन्या खाणीपलीकडं, रायफल क्लबाची चांदमारी आहे. तिथं साठ जागा आहेत, साठ म्हणजे साठ. क्लबाच्या खोलीत भिंतीवर साठ आकडे आणि त्यांवर साठ पितळी बिल्ले. बावीस नंबर एल्वुड यांचा, एकेचाळीस वर्षं. सदस्य वारला की त्याची जागा एक हंगाम रिकामी ठेवतात. घरातल्या कुणी त्या हंगामात दोनशे यार्डांवर वीस गोळ्यांत दोनशेपैकी एकशेसाठ गुण केले, तर जागा घरात राहते. नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला जाते. तीन वेळा प्रयत्न करता येतो. जूनमध्ये मार्लाचे एकशेअठ्ठेचाळीस झाले होते आणि जुलैत एकशेएक्कावन्न. उरला होता ऑगस्टचा शेवटचा रविवार.

टेक्ससमध्ये असलेल्या तिच्या भावाला, कर्टिसला, हे सगळं कळेना. तू तीस वर्षांत तिकडं फिरकली नाहीस, तो फोनवर म्हणाला, आणि आता बिल्ल्यासाठी हातपाय झाडतेयस. त्याचं म्हणणं खरं होतं. सोळाव्या वर्षी तिने रायफल ठेवली, कॉलेजला गेली, पुढं काउंटीच्या वाचनालयात लागली. दर एप्रिलमध्ये वडील एकदाच विचारायचे, या वर्षी येतेस का. तिचं काहीतरी असायचं. पुन्हा विचारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

दफनभूमीत ती चार वेळा जाऊन आली. तिथं कुणी बोलत नाही. जूनच्या रविवारी चांदमारीवर मात्र तासाभरात बाराजणांनी वडलांचं नाव घेतलं. कुणी त्यांच्या थर्मासबद्दल बोललं, कुणी त्यांनी एकदा शेजारच्याच निशाणाच्या कागदावर दहाच्या दहा गोळ्या कशा घातल्या ते सांगितलं. मार्ला ऐकत राहिली. घरी येताना तिला कळलं की जिथं हे नाव असं सहज घेतलं जातं अशी जगात आता ती एकच जागा आहे, आणि तिथं जायला सदस्य असावं लागतं. हे कर्टिसला सांगण्यासारखं नव्हतं. तिने त्याला सांगितलं की प्रकरण जिद्दीवर आलंय. ते त्याला पटलं.

तिसरा ठोकळा आणि रायफल घेऊन ती डॉटी बाउसरच्या दुकानात गेली. डॉटी बंदुका दुरुस्त करते आणि माशांसाठी गळ व गांडुळं विकते. क्लबाशी तिचं फार वर्षांपूर्वी फाटलंय, का ते दोन्ही बाजू वेगवेगळं सांगतात. तिने ठोकळा नाकाजवळ धरला, मग रायफलीकडं पाहिलं.

"भोकं जुनी, ठोकळा नवा," ती म्हणाली. "हे म्हणजे विधुराला विशीतली पोरगी सांगून आल्यासारखं आहे. बसायचं नाही, बाई."

"मग काय बसेल?"

"तुझ्या बाबांना मी तेव्हाच सांगितलं होतं, एल्वुड, हे बंद पडणार. म्हणाले, बंद पडलं म्हणजे वाईट असतं असं नाही. घे आता."

डॉटीने काउंटरखालून एक लाकडी खण ओढून काढला. त्यात बुडालेल्या तऱ्हेचं उरलंसुरलं सगळं होतं, झाकणं, कड्या, मोडके आधार, तीन-चार मुठी. तिने एक उभी मूठ काढली. पंपाच्या दांड्यासारखी ही मूठ हँडगार्डला खाली लोंबते. ती बसली. पहिल्यांदाच काहीतरी बसलं, म्हणून मार्ला इतकी हरखली की मूठ घेऊन तशीच घरी गेली. कर्टिसनेही कळवलं होतं की उभी मूठच घे, इकडं सगळे तीच लावतात. बैठकीच्या खोलीतल्या गालिच्यावर ती पालथी पडली, पट्टा आवळला, मूठ धरली आणि रायफल इतकी उंच गेली की नेम थेट टीव्हीच्या वरच्या घड्याळावर लागला. कोपर जवळ ओढलं तर मूठ जमिनीला टेकली, लांब नेलं तर खांदा निखळतोय असं झालं. ही मूठ उभं राहून, पळत, दारं ढकलत गोळ्या घालणाऱ्यांसाठी. शेहेचाळीस वर्षांच्या ग्रंथपाल बाईने पालथं पडून दोनशे यार्डांवरचा कागद मारावा, हे ती घडवणाऱ्याच्या स्वप्नातही नसावं.

दुसऱ्या दिवशी तिने ती परत करून तिरकी मूठ आणली. ही उतरत्या छपरासारखी, हाताला मऊ. दोन संध्याकाळी तिच्याशी झटापट केली. तळहात उतारावर टिकेना, मनगट बाहेरच्या बाजूला वळे, आणि तिसऱ्या दिवशी वाचनालयात पुस्तकावर शिक्का मारताना तिच्या तोंडून आईगं निघालं. समोरच्या म्हातारीने काळजीने विचारलं की शिक्का जड आहे का.

ती मूठही परत गेली. डॉटीने खण पुन्हा ओढला.

त्याच वेळी हार्लन शिक दुकानात शिरले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, क्लबाचे चिटणीस, गोळीबाराच्या वेळी सगळ्यांवर हुकूम त्यांचा. वडलांचे ते पन्नास वर्षांचे मित्र. मार्लाला ते लहानपणापासून मिस्टर शिक होते आणि मोठेपणीही ते बदलणं तिला जमलं नव्हतं. डॉटी आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून त्यांनी गांडुळांचा डबा स्वतः उचलला, पैसे काउंटरवर ठेवले आणि बोलले ते मार्लाशी.

"काय शोधतेयस?"

मार्लाने सांगितलं. हात सरकतो, काहीतरी अडसर हवा. त्यांनी रायफल पाहिली, कडीवर बोट ठेवलं.

"एल्वुडचा हात इथं असायचा. कडीला टेकलेला. एकेचाळीस वर्षं, रायफल कुठलीही असो."

"माझा तिथं पोचत नाही, मिस्टर शिक."

"हं," ते म्हणाले. थोडा वेळ तिथंच उभे राहिले, खणातल्या ढिगात मार्ला बोटं घालत होती ते बघत. काहीतरी बोलणार असं वाटलं, पण डबा काखेत मारून निघून गेले.

"पन्नास वर्षांची दोस्ती," दार लागल्यावर डॉटी म्हणाली, "आणि त्यातून काय निघालं, तर हं."

खणाच्या तळाशी, तेलकट कापडात, तो होता. बुटका, काळा, कडा झिजलेल्या, कुलपाच्या भोकासाठी घडवलेल्या दोन स्क्रूंसकट. कुणाच्या तरी मोडीत काढलेल्या रायफलीचा. डॉटीने तो भोकात घालून मागे ओढला, एलन की, स्क्रू आवळायची सहाकोनी किल्ली, फिरवली आणि ठोकळा असा बसला की जणू रायफलीबरोबरच जन्मला होता. मार्लाने काउंटरवरच कोपर टेकून हात ठेवून पाहिला. पंजा मागून आला, अडला, थांबला.

"रडणार असलीस तर बाहेर जा," डॉटी म्हणाली. "मला गिऱ्हाइकं आहेत."

गिऱ्हाईक एकही नव्हतं.

पण ठोकळा बसला म्हणजे त्याची जागा ठरली असं नव्हे. हँडगार्डवर अकरा भोकं. एक भोक पुढं घेतलं तर खांदा ताणला जातो, एक मागे घेतलं तर रायफल वर जाते. मार्लाने आठवडाभर गालिच्यावर पालथं पडून भोकं मोजली. शेवटी सातवं भोक छान बसलं. मग डॉटीच्या भावाच्या खडीच्या खाणीत गेली, तर सातव्या भोकावरून एकही गोळी धड जाईना. डॉटी मागे उभी राहून कणीस खात होती. तिने कणसानेच मार्लाच्या पाठीवर टोचलं.

"घरी काय घालून मापं घेतलीस?"

मार्ला म्हणाली, हेच, सदरा.

"आणि आता अंगात काय आहे?"

अंगात वडलांचा जाड कॅनव्हासचा नेमबाजीचा कोट होता, बाह्या दोनदा दुमडलेला, खांद्यावर बोटभर जाडीची गादी. सदऱ्यावर माप घेऊन कोट घालून गोळी मारणं हा मूर्खपणा गावातला प्रत्येक नेमबाज एकदा करतोच, पण तो बाराव्या वर्षी करतो. मार्लाला स्वतःचा इतका राग आला की तिने त्या भरात ठोकळा उलटाच बसवला आणि तो पुन्हा काढावा लागला. आठव्या भोकावर तो आला, कडीपासून बरोबर चार इंच मागे. दहा गोळ्यांत ब्याण्णव झाले. पुढच्या दहांत नव्वद. त्या दिवशी तिने घरी येऊन वाटीभर पिरोगी, बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्या, तळल्या, उभ्याउभ्याच खाल्ल्या, आणि मार्चनंतर प्रथमच रात्री सलग झोपली.

रविवार दमट होता. मक्याच्या शेतांवर हवा तरंगत होती, किडे किर्र करत होते. क्लबाच्या ओट्यावर टेबल मांडून मिस्टर शिक रायफली तपासत होते. मार्लाने रायफल ठेवली, गोळीची कोठी उघडी, नळी पलीकडं. त्यांनी ती उचलली, ट्रिगरचं वजन पाहिलं, मग उलटी केली. आणि तशीच धरून राहिले.

"हे काढावं लागेल," ते म्हणाले.

मार्लाला वाटलं, त्यांना स्क्रू सैल वाटतोय. तिने सांगितलं की नीट आवळलाय.

"तसं नाही, पोरी. बावीस नंबर साध्या वर्गातला आहे. साध्या वर्गात हँडगार्डला काही लावायचं नसतं. पट्ट्याची कडी, बस."

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि ते जितकं शांतपणे सांगत गेले तितके तिचे कान तापत गेले. साठ जागांपैकी वीस साध्या, चाळीस खुल्या. पूर्वी सगळ्याच साध्या होत्या. मग लोक मुठी, ठोकळे, वजनं, काय काय लावून यायला लागले, तेव्हा जुन्या लोकांनी वीस जागा बाजूला काढून ठेवल्या, त्या कधीच खुल्या होणार नाहीत असं ठरवून. एल्वुडनेच तो ठराव मांडला होता. जागेबरोबर वर्ग येतो. हे कागदावर कुठं लिहिलेलं नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे.

"भोकं ठेवायची," मार्ला म्हणाली, "आणि त्यात काही घालायचं नाही."

"भोकं हवेसाठी असतात. नळी गार राहते."

"तुम्ही मला दुकानात पाहिलं होतं. मी असाच अडसर शोधत होते."

मिस्टर शिक यांनी रायफल टेबलावर ठेवली. मागे रांगेत दोघं उभे होते, त्यांच्याकडं बघून जरा थांबा अशी खूण केली.

"पाहिलं होतं," ते म्हणाले. "तिथंच सांगायला हवं होतं. पण एल्वुड गेल्यापासून तू कशात डोकं घातलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. म्हटलं, असू दे चार दिवस."

चांगल्या मनाने केलेल्या गोष्टीवर धड ओरडताही येत नाही. मार्लाने विचारलं की आता काय काय करता येईल. दोन गोष्टी करता येत होत्या. ठोकळा काढायचा, साध्या वर्गात तिसरा आणि शेवटचा प्रयत्न द्यायचा, एकशेसाठ झाले तर बावीस नंबर तिचा. किंवा ठोकळा ठेवायचा, खुल्या वर्गात गोळ्या मारायच्या. तिथले गुण बावीस नंबरसाठी धरत नाहीत. त्यांवर फक्त नव्या सदस्यांच्या यादीत नाव घालता येतं, आणि बावीस नंबर आज संध्याकाळी दुसऱ्याचा होतो.

तिने खिशातून एलन की काढली आणि ठोकळा काढला. स्क्रू इतके घट्ट आवळले होते की एका बोटाचं साल निघालं.

दहा गोळ्यांची पहिली फेरी. तिने सगळं आठवून आठवून केलं, श्वास, कोपर, पट्टा एक भोक आवळून. पंजा ॲल्युमिनियमवर ठेवला. पहिली गोळी नवात, दुसरीही नवात, आणि तिसरीला पंजा सरकला. तिने तो मागे घेतला, बैठक जमवली, चौथीला पुन्हा सरकला. घामाने ॲल्युमिनियम साबणासारखं झालं होतं. तिने पंजा जितका पुढं नेता येईल तितका नेला, बोटं ताणली, कडीकडं. खांद्यात कळ आली. बोटांची टोकं आणि कडी यांच्यात अजून एक पुस्तक उभं राहिलं असतं. उरलेल्या गोळ्या तिने तशाच मारल्या, ताणलेल्या हाताने, वडलांच्या कोटात, आणि दहावी सुटल्यावर गाल दस्त्यावर तसाच ठेवून पडून राहिली.

कागद आणले गेले. मिस्टर शिक गुडघा टेकून तिच्या शेजारी बसले, कार्डावर आकडे मांडले. शहात्तर. आता चौऱ्याऐंशी हवे होते.

"होण्यासारखं आहे," ते म्हणाले.

मार्लाने मान हलवली. होण्यासारखं होतं, पण ठोकळ्याशिवाय जूनपासून एकाही फेरीत तिचे ऐंशी झाले नव्हते.

त्यांनी कागद तिच्यासमोर धरला, आवाज खाली आणला. तीन छिद्रं रेषांच्या अगदी जवळ होती. छिद्र रेषेला टेकतं की नाही हे बघायला त्यांच्याकडं गेज असतं, छिद्रात घालायची भिंग लावलेली छोटी दांडी. ते म्हणाले, पुढच्या दहांतही अशी असतीलच. गेज कसं लावायचं ते लावणाऱ्याच्या हातात असतं. जरा मायेनं लावलं तर दोन-चार गुण इकडचे तिकडं होतात. कुणी काही बोलणार नाही. एल्वुडची जागा आहे.

मार्ला उठून बसली. दंडाला पट्टा तसाच आवळलेला होता, हात बधिर व्हायला लागला होता.

"अंगठ्याएवढा ठोकळा चालत नाही," ती म्हणाली, "आणि हे चालतं?"

"तो नियम आहे."

"नियम मोडायचा नाही, आकडा मोडला तर हरकत नाही. असंच ना, मिस्टर शिक? बाबांनी अशी जागा घेतली असती?"

मिस्टर शिक यांनी कार्ड गुडघ्यावर पालथं ठेवलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"एल्वुडनं मला इथंच ठोसा मारला असता," ते म्हणाले.

पलीकडच्या जागेवरचा माणूस दुर्बिणीत डोळा घालून आपण काहीच ऐकत नाही असं दाखवत होता. मार्लाने पट्टा सोडला, बोटांत पुन्हा रक्त खेळेपर्यंत हात झटकला. ती चिडली होती आणि नेमकी कुणावर ते तिला सांगता आलं नसतं. या माणसावर, की त्या ठरावावर, की तो मांडणाऱ्यावर, ज्याने स्वतःच्या हाताच्या मापाचा नियम करून ठेवला आणि आपल्या मुलीचा हात आखूड आहे हे एकेचाळीस वर्षांत लक्षात घेतलं नाही. लक्षात कसं येणार? ती समोर आलीच कुठं होती.

उरलेल्या दहा गोळ्यांत चौऱ्याऐंशी होतीलही. नाही झाले तर हे म्हातारे गृहस्थ गेज लावतील, आता नको म्हणून सांगितलं तरी कदाचित लावतीलच, आणि तिला ते कधीच कळणार नाही. मग भिंतीवरच्या त्या बिल्ल्याकडं बघताना दर रविवारी ती हिशेब करत बसेल.

"एलन की कुठंय माझी?" ती म्हणाली.

"मार्ला. लावलास तर आजचा प्रयत्न संपला. परत नाही."

"माहीत आहे."

किल्ली तिच्या मांडीखाली निघाली. तिने रायफल उलटी केली, आठवं भोक अंगठ्याने चाचपलं, ठोकळा घातला, मागे ओढला, दोन्ही स्क्रू आवळले. मिस्टर शिक यांनी कार्डावरच्या शहात्तरावर एक आडवी रेघ मारली. मग ते उठले, रांगेच्या मागे गेले आणि नेहमीच्या सपाट आवाजात सगळ्यांना भरायचा हुकूम दिला.

पंजा मागून आला आणि अडला. तिला कुठं पोचायचं नव्हतं. पहिल्या गोळीनंतर रायफल उडून परत जागेवर आली, काळा गोल होता तिथंच दिसला, आणि तिला हसू आलं नाही की रडू आलं नाही, फक्त वाटलं की हे जूनमध्ये असं असायला हवं होतं. सातवी गोळी सुटताक्षणीच तिला कळलं की ती गेली. बाकीच्या तिने घाई न करता मारल्या.

एक्क्याण्णव झाले. नऊ छिद्रं नवात आणि दहात, आणि एक एकटंच दूर, सहात. कार्डावर ते लिहायला रकानाच नव्हता, अर्धी फेरी एका वर्गात आणि अर्धी दुसऱ्यात असं क्लबात आजवर कुणी केलं नव्हतं. मिस्टर शिक यांनी कडेच्या मोकळ्या जागेत आकडा लिहिला, मग यादीची वही उघडली. यादीसाठी दहा गोळ्याही पुरतात, ते म्हणाले, तसं खरोखर लिहिलेलं आहे, हवं तर वाच. मार्लाने वाचलं. लिहिलेलं होतं. तिचं नाव नवव्या ओळीवर आलं.

"नऊ म्हणजे किती वर्षं?" तिने विचारलं.

"कोण मरतंय त्यावर. फ्लोरिडाला जाणारेही असतात, पण हल्ली ते परत येतात."

"मला घाई नाही."

"माझ्याकडं बघून बोलू नकोस," मिस्टर शिक म्हणाले.

ती वाहनतळाकडं निघाली. रायफलीची पिशवी मागच्या सीटवर ठेवली, कोट काढला. सदरा पाठीला चिकटला होता. क्लबाच्या दारात कुणीतरी खुर्चीवर चढून भिंतीवरचा बिल्ला काढत होतं. तिकडं न बघता ती गाडीत बसली आणि किल्ली लावली. मिस्टर शिक खडीवरून हळूहळू येताना दिसले. एका हातात तिचा कागद, दुसऱ्यात कागदी बशीत हॅमचे काप घातलेला पाव, मधूनच एक घास तोडलेला.

ते खिडकीपाशी वाकले आणि कागद काचेला लावला.

"ही सहातली," ते म्हणाले. "ही कशी गेली?"

मार्लाने काच खाली केली. "घाम. डोळ्यात गेला."

"घामाची अशी उजवीकडं खाली जात नाही. कोपर उचललंस तू."

"कोपर जागेवर होतं."

"मी मागं उभा होतो. एल्वुडचंही असंच व्हायचं, सातवी-आठवीला. आणि मान्य करायचा नाही तोही."

"तुम्ही माझ्या मागं नव्हता, मिस्टर शिक. तुम्ही बारा नंबरच्या मागं होता."

"तिथून सगळं दिसतं."

"तिथून कोपर दिसतच नाही. मध्ये खांब आहे."

तिने किल्ली काढली, दार उघडून बाहेर आली आणि त्यांच्या हातातून कागद घेतला.